तांबोळी सरांची वीट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तांबोळी सरांचं नाव घेतो. आईवडिलांनी वाढवलं, करमाळ्याच्या शाळेनं लिहायला-वाचायला शिकवलं. पण चार माणसांत उभं राहून बोलता येईल असं मला तयार केलं ते सरांनी, आणि तेही खिम्याच्या मदतीनं. काही जणांना वाटेल की मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस, आणि त्या पदवीला किसलेल्या कांद्याचा वास आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे.

सरांचं घर कसबा पेठेतल्या एका बोळात आहे. अरुंद, तीन मजल्यांचं. खाली तसबिरींना फ्रेम करून देणारं दुकान, सगळ्यात वर सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे चाची, आणि मधल्या मजल्यावर भाड्यानं द्यायची एक खोली. त्या खोलीला स्वयंपाकाचा स्वतंत्र ओटा होता. पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाल्यावर मी खोली शोधत तिथं पोचलो, तेव्हा फ्रेमवाला म्हणाला, "खोली आहे. पण वर परीक्षा घेतात." मला वाटलं, गावाकडचा पोरगा बघून चेष्टा करतोय.

सर खुर्चीत ताठ बसले होते. कॅम्पातल्या एका मिशनच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. समोर बसायला सांगितलं नाही.

"गाव?"

"करमाळा."

"विषय?"

"फिजिक्स घ्यायचंय."

"कांदा किसता येतो?"

"चिरता येतो, सर."

"चिरता सगळ्यांना येतो. अंडं फोडताना कवचाचा तुकडा आत पडला, तर काय करशील?"

"काढीन."

"कशानं?"

"बोटानं."

"बोटाला तो सापडत नाही. अर्ध्या कवचानं काढायचा, लगेच येतो. फिजिक्स घेणार म्हणतोस ना?" मग थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "खोटं बोलला नाहीस. सामान घेऊन ये."

माझ्याआधी दोघं नापास झाले होते, हे नंतर कळलं. एकानं आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं. त्याला सरांनी चहा पाजून, खालपर्यंत सोडून, सन्मानानं निरोप दिला. दुसरा म्हणाला, "मिक्सरमधून काढू की." त्याला चहाही मिळाला नाही.

खोलीची अट एकच होती. रविवारी सकाळी ओटा सरांचा. त्या वेळात मी खोलीत हजर राहायचं, सांगितलेलं काम करायचं आणि मत द्यायचं नाही. भाडं पेठेतल्या कुठल्याही खोलीपेक्षा कमी होतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला वरच्या मजल्यावर स्वतःचं स्वयंपाकघर असताना माझा ओटा कशाला लागतो, हा प्रश्न मला पहिल्या रविवारपर्यंत पडला नाही.

त्या रविवारी सर टाय लावून खाली आले. टायचं टोक त्यांनी शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलं, बाह्या दुमडल्या, आणि पिशवीतून बोकडाचा खिमा, शिळे पाव, अंडी, कांदे, मिरीची पूड आणि एक पत्र्याचा लांबट डबा काढून सगळं ओट्यावर ओळीनं मांडलं. मग म्हणाले, "मीटलोफ."

मला वाटलं, हे एखाद्या माणसाचं नाव असावं.

मीटलोफ म्हणजे काय ते सांगतो. खिमा आणि पाव हे दोन पदार्थ जगातले सगळे समजूतदार लोक शेजारी-शेजारी ठेवून खातात. मीटलोफमध्ये ते एकत्र मळतात, त्यात अंडं आणि कांदा घालतात, सगळं पावाच्या डब्यात दाबून भरतात, भट्टीत भाजतात आणि मग पावासारखे काप करून खातात. म्हणजे इतकी मेहनत करून जेव्हा पदार्थ तयार होतो, तेव्हा तो पुन्हा पावासारखा दिसतो. बोळातले लोक त्याला 'सरांची वीट' म्हणत. सरांच्या तोंडावर नाही. पण सर दोन पावलं पुढे गेले की म्हणत, आणि सरांना ऐकू चांगलं येत असे.

ही विद्या त्यांना त्यांच्या शाळेच्या फादर हेडमास्तरांकडून मिळाली होती. सर तरुण शिक्षक असताना फादरांनी त्यांना बंगल्यावर जेवायला बोलावलं, आणि पांढऱ्या बशीत एक काप वाढला. सर सांगत, "चारही बाजू सरळ. कुठं तेल नाही, कुठं रस्सा नाही, कशात काय मिसळलंय याचा गोंधळ नाही. मी म्हटलं, हा पदार्थ नाही, हे चारित्र्य आहे." फादर केव्हाच परदेशी गेले आणि तिकडेच वारले. चारित्र्य मात्र कसबा पेठेत राहिलं.

सरांची मतं ठाम होती. पाव शिळाच हवा, कारण "ताजा पाव उत्साही असतो, आणि उत्साही माणसाचा कामात उपयोग नसतो." कांदा किसलेलाच हवा, आणि किसून पिळलेला. खिमा खाटकानं सुऱ्यानं बारीक केलेला. मशीनचा आणला तर पहिल्या घासात ओळखत. आणि मसाल्याला बंदी. "मसाला म्हणजे कॉपी," ते म्हणत. "स्वतःला काही येत नाही म्हणून शेजारच्याचं बघून लिहायचं." भाजलेली वीट ते फुटपट्टी लावून कापत. शाळेतली लाकडी फुटपट्टी होती. तिच्या एका कडेला भूगोलाची शाई होती आणि दुसऱ्या कडेला तूप.

माझं इंग्रजी तेव्हा असं होतं की वर्गात प्राध्यापकांनी नाव विचारलं तरी मी खाली बाकाकडे बघायचो. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि उपाय काढला. ते ओट्याशी काम करत, आणि जे दिसतंय ते मी इंग्रजीत मोठ्यानं बोलायचं.

"मी काय करतोय?"

"यू आर..."

"मी नाही. मी महत्त्वाचा नाही. खिमा महत्त्वाचा आहे. खिम्यापासून सुरू कर."

"द मिन्स इज..."

"बीइंग नीडेड. म्हणजे मळला जातोय. पुन्हा."

द मिन्स इज बीइंग नीडेड. द ब्रेड हॅज बीन सोक्ड. द अनियन शुड हॅव बीन स्क्वीझ्ड, हे माझ्याकडून कांदा पिळायचा राहिला त्या दिवशी. तीन वर्षं दर रविवारी मी खिम्याच्या बाजूनं बोलत राहिलो, आणि कधी तरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, वर्गात वर बघून बोलायला लागलो. कॉलेजात माझ्याबरोबरची मुलं यासाठी क्लास लावत होती. त्या क्लासचं नाव मोठं होतं, पण तिथं जेवण मिळत नव्हतं.

आता चाचींबद्दल. चाची बुटक्या, हसऱ्या, आणि बोलण्यात सरांच्या दुप्पट तिखट. सर डबा घेऊन बेकरीकडे निघाले की त्या वरच्या खिडकीतून विचारत, "अहो, वीट भाजून झाली की बांधकाम कधी सुरू करताय?" सर वर न बघता म्हणत, "तुम्ही गच्चीवरचे कपडे बघा." दोघं एकमेकांना 'अहो-जाहो' करत आणि त्या 'अहो'मध्ये जेवढा टोमणा मावेल तेवढा भरत.

वरच्या स्वयंपाकघरात सरांना विटेसाठी बंदी होती. का, ते चाचींनीच मला मेथी निवडता निवडता सांगितलं.

"लग्न होऊन आले, आणि पहिल्यांदा माझ्या हातचा खिमा केला. माझ्या आईची पद्धत. भाजलेलं खोबरं, खसखस, हिरवी मिरची, शेवटी पुदिना. सासूबाईंनी दोनदा मागून घेतला. आणि हे तुझे सर. आदल्याच आठवड्यात फादरांकडे जेवून आलेले. ताटातलं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, 'बरा आहे. पण याला शिस्त नाही.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमच्या शिस्तीचा एक घास मी तोंडात घालणार नाही. तेव्हा लहान होते बेटा, रागात बोलले."

"आणि आता?"

"आता राग नाही. आता शब्द आहे."

तर गोष्ट अशी होती. सरांना जगात सगळं मिळालं होतं. पेन्शन होती, मान होता, जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करत. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती अख्ख्या बोळाला ठाऊक होती. चाचींनी विटेचा एक काप खावा. सरांनी हे तोंडानं कधीच मागितलं नाही, कारण मागणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते दर रविवारी पहिला काप थाळीत ठेवत, वर दुसरी थाळी झाकत, आणि मला म्हणत, "वर देऊन ये. काही बोलू नकोस."

मी वर जायचो. चाची थाळी घ्यायच्या, आत जायच्या, आणि थोड्या वेळानं परत द्यायच्या. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्यांची रीत. खरं तर ते भांडं रिकामं झालेलंच नसायचं. काप जसाच्या तसा असायचा. पण रीत ती रीत. कापाच्या शेजारी त्या स्वतःचा खिमा वाढून पाठवायच्या. मी खाली आलो की सर थाळीकडे न बघता विचारत, "काय म्हणाली?"

"काही नाही, सर."

"म्हणजे विचार करतेय."

मग ती थाळी माझ्या वाट्याला यायची. शिस्त आणि बेशिस्त दोन्ही मी एकाच ताटात खाल्ली, आणि त्या तीन वर्षांत माझं वजन असं वाढलं की करमाळ्याला गेलो तेव्हा वडिलांना वाटलं, पुण्यात शिक्षण फारसं नसावं.

माझ्या दुसऱ्या वर्षी सरांनी विटेत हिरवी मिरची घातली. मी कांदा किसता किसता थांबलो.

"पचनासाठी," सर म्हणाले. "अभ्यासक्रम वेळोवेळी बदलावा लागतो."

मूळ पद्धत हा आता 'जुना अभ्यासक्रम' झाला आणि मिरचीची वीट 'सुधारित'. पुढच्या पावसाळ्यात भाजलेलं खोबरं आलं.

"सर, हा मसाला नाही का?"

"खोबरं हे फळ आहे. फादरसुद्धा घालायचे."

"फादरांच्या देशात नारळ असतो?"

"गोव्याहून मागवत." हे म्हणताना सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भूगोलाच्या शिक्षकाला खोटं बोलताना निदान ठिकाण तरी बरोबर लागतं.

खोबऱ्यामागून खसखस आली, खसखशीमागून पुदिना. एकदा मध्यभागी उकडलेली अंडी घातली. एकदा भाजण्याआधी वरून चिंचेचं पाणी फासलं. प्रत्येक नव्या पद्धतीला फादरांची मान्यता असायची. माझ्या हिशेबानं फादर त्या दीड वर्षात जन्मानं परदेशी, वळणानं पुणेरी आणि जिभेनं पूर्ण कसबा पेठेतले झाले होते. मला सगळं दिसत होतं. सर चाचींचा खिमा एकेक करून विटेत आणत होते, फक्त भिंती तेवढ्या फादरांच्या ठेवल्या होत्या. पण मत द्यायचं नाही अशी अट होती, आणि मी भाडेकरू होतो.

काप जसाच्या तसा परत येतच होता.

सर त्याचं खापर भट्टीवर फोडत. आमच्या बोळाच्या तोंडाशी युसूफभाईंची बेकरी. दिवाळीत पेठेतल्या बायका नानकटाईचे ट्रे भाजायला तिथं आणतात, तसे सर दर रविवारी पाव निघाल्यानंतर आपला डबा नेत. लाकडावरची जुनी भट्टी होती. वीट कडेनं करपली की सर म्हणत, "युसूफ, तुझी भट्टी लहरी आहे." मधे कच्ची राहिली की म्हणत, "युसूफ, तुझी भट्टी आळशी आहे." युसूफभाई मान हलवत. मग त्यांच्या मुलानं भट्टी काढून विजेचा मोठा ओव्हन बसवला, पुढे आकडे दाखवणारी पट्टी असलेला. सर त्या ओव्हनसमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशीची वीटही नेहमीप्रमाणे कडेनं करपली.

युसूफभाई हळूच म्हणाले, "सर, आता कोणाला बोलणार?"

सर म्हणाले, "वीजपुरवठ्याला."

शेवटच्या वर्षानंतर मी त्याच खोलीत राहून एमएस्सी केलं, आणि लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. मुलाखतीत एक विषय इंग्रजीतून शिकवून दाखवायचा होता. मी उष्णतावहन घेतलं. फळ्यावर एक चौकोन काढला आणि सांगायला लागलो की जाड वस्तूला बाहेरून उष्णता दिली तर कड करपते तेव्हा मध्य कच्चा का राहतो. चौकोन खरा कसला होता ते मी सांगितलं. वाक्यं आपोआप येत होती, आणि सगळी खिम्याच्या बाजूनं होती. समोर पाच जण बसले होते. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "यात व्हेज ऑप्शन आहे का?" दुसऱ्यांनी विचारलं, "हे करिअर-ओरिएंटेड कसं करता येईल?" तिसरे फोनवर होते. उष्णतेबद्दल कोणीच काही विचारलं नाही, त्यामुळे माझी निवड झाली.

पेढे घेऊन मी आधी सरांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात धरून फक्त एवढंच विचारलं, "पॅसिव्ह व्हॉइस?"

"सगळा बरोबर आला, सर."

सरांनी पेढा खाल्ला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ टाय नीट करत राहिले. त्या दिवशी रविवार नव्हता. टाय का लावला होता, ते मला माहीत नाही.

नोकरीची बातमी कळल्यावर आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, सरांना भेटायला करमाळ्याहून आले. दादांची पिठाची गिरणी आहे; ते कमी बोलतात, कारण गिरणीत बोलून ऐकू जात नाही. आई दोघांच्या वाटचं बोलते. सरांनी पाहुण्यांसाठी सर्वांत पुढचा अभ्यासक्रम काढला होता, खोबरं-खसखस-पुदिना-अंडी असा. जेवायला सगळे माझ्या खोलीत बसले. पाहुणे असल्यामुळे चाचीही पहिल्यांदाच त्या पंगतीला खाली आल्या, स्वतःच्या रश्शाचं पातेलं घेऊन.

सरांनी फुटपट्टी लावून काप केला आणि आईच्या ताटात ठेवला. आईनं तो सगळ्या बाजूंनी बघितला.

"ह्ये काय हाय?"

"खिमा आहे, आई," मी म्हणालो.

"खिमा हाय व्हय? मग असा गप का बसलाय?"

चाचींनी पदर तोंडाला लावला. आईनं एक घास खाल्ला, थोडा विचार केला, आणि पातेल्यातला रस्सा पळीनं घेऊन सरळ कापावर ओतला. सरांचा हात फुटपट्टीवर गेला. आईनं कालवून दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "आता कसं. आता ब्येस लागतंय. मास्तर, तुमी बी घ्या वतून. दोन्ही चांगलंच हाय, पण येकमेकाबिगर कोरडंच की."

सरांनी ओतून घेतलं नाही, पण नकोही म्हणाले नाहीत. आईला त्या घरातला इतिहास माहीत नव्हता. तिनं दुसरा काप उचलला, चाचींच्या ताटात ठेवला, वर रस्सा घातला आणि म्हणाली, "आन् तुमी का बसलाय ताई? घ्या की."

 दादांनीसुद्धा खाणं थांबवलं. चाचींनी कापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. पाहुणीनं आपल्या हातानं वाढलेलं ताटात टाकायचं कसं? त्यांनी बोटांनी एक कोपरा मोडला. रश्शात बुडवला. उचलला. माझं लक्ष सरांकडे गेलं. त्यांचे डोळे असे झाले होते की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात सर बोलले.

"बघा," ते म्हणाले, "शेवटी शिस्तीकडेच यावं लागलं."

चाचींनी घास ताटात परत ठेवला. काही रागावल्या नाहीत. "रस्सा कमी पडेल, अजून आणते," म्हणाल्या, आणि वर गेल्या. रस्सा पुष्कळ होता. त्या पुन्हा खाली आल्या तेव्हा सगळ्यांचे हात धुऊन झाले होते.

जिना उतरताना आई मला म्हणाली, "तुजं सर द्येवमाणूस हाय. पर त्वांड वाईट."

संध्याकाळी सरांनी मला विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का?"

हे मत विचारणं होतं. तीन वर्षं आणि वर दोन, एवढ्या काळात पहिलंच. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "राहू दे. विटेत पुदिना जास्त झाला होता."

पुढे मी लोणीला राहायला गेलो. लग्न झालं, मनीषा घरात आली, मी एक छोटा ओव्हन घेतला. सुट्टीच्या दिवशी कधी तरी वीट करायचो. मनीषाला ती आवडते, आणि तिला इतिहास नसल्यामुळे ती सरळ आवडते. कसब्यात सरांना नवा भाडेकरू मिळाला होता. नांदेडचा मुलगा, कॉम्प्युटरचा. त्याला कांदा किसता येत होता. थाळी वर जात होती आणि परत येत होती, हे मी अधूनमधून गेलो की कळायचं.

आम्हाला मुलगी झाली. काही आठवड्यांनी चाची बसनं एकट्या बघायला आल्या. स्वतः शिवलेलं दुपटं आणि डिंकाचे लाडू घेऊन. सर आले नाहीत, कारण रविवार होता.

आई आमच्याकडेच होती. बाळंतिणीला तिखट अजिबात द्यायचं नाही, असा तिचा हुकूम. म्हणून मी त्या दिवशी मनीषासाठी वीट केली होती ती अगदी मूळची. खिमा, शिळा पाव, कांदा, अंडं, मीठ, थोडी मिरी. खोबरं नाही, खसखस नाही. ओव्हनमधून काढून पूर्ण गार होऊ दिली आणि मग कापली. मनीषा आणि चाची बाजेवर बसून बोलत होत्या. मनीषानं ताटातला काप मोडून सहज चाचींसमोर केला, "घ्या ना. तुमच्याकडचाच आहे."

चाचींनी विचारलं, "कोणी केला?"

"यांनी."

"याने केलाय," चाची स्वतःशीच म्हणाल्या. "मग त्यांचा नाही." आणि त्यांनी तो तुकडा तोंडात घातला.

मी दारात उभा होतो. आत जावं की बाहेर, ते कळेना. चाची सावकाश चावत होत्या. मग मला म्हणाल्या, "यात काही घातलं नाहीस?"

"नाही, चाची. फादरांची पद्धत. अगदी पहिली."

"असा असतो होय हा." त्यांनी ताटातून आणखी एक पूर्ण काप घेतला. तोही संपवला. बोटं पुसली. "आधी शब्द आडवा यायचा, ते सोड. पण मग त्यात ते माझं खोबरं न् माझी खसखस कशाला कोंबत बसले? झाकण काढलं की मला माझ्याच खिम्याचा वास यायचा. मला वाटायचं, माझीच नक्कल करून मलाच पाठवतायत. माझा खिमा मला माहीत नाही का? मला त्यांचा बघायचा होता."

आई म्हणाली, "मग मास्तरांना सांगा की तसं."

"मी कशाला सांगू?"

"मी सांगू?" मी विचारलं.

चाचींनी बाळाला मांडीवर घेतलं आणि दुपट्याचं टोक नीट केलं. "तुला सांगायचं असेल तर मला अडवता येणार नाही. पण फोन करू नकोस. घरातला फोन माझ्याकडे असतो."

त्यांना बसमध्ये बसवून आल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना पेटीत टाकलं.

"आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीतून लिहितोय. इंग्रजीतून लिहिलं असतं तर आपण आधी चुका काढल्या असत्या आणि मजकूर नंतर वाचला असता.

आज चाची आमच्याकडे आल्या होत्या. बाळाला पाहून खूश झाल्या. मी जुन्या अभ्यासक्रमाची वीट केली होती. चाचींनी ती खाल्ली. आधी एक तुकडा खाल्ला, तो मनीषानं दिलेला. नंतर एक पूर्ण काप खाल्ला, तो त्यांनी स्वतःच्या हातानं घेतला. दोन्ही वेळा मी समोर होतो.

खाऊन झाल्यावर त्या जे बोलल्या, त्यातलं आपल्या कामाचं एवढंच की खोबरं, खसखस, पुदिना आणि मिरची यांची गरज नाही. त्यांना आपला खिमा हवा आहे, स्वतःचा त्यांच्याकडे आहे. निघताना चपला घालताना आणखी एक वाक्य बोलल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. 'मीठ बरोबर आहे,' म्हणाल्या.

आपण मला भाड्यानं खोली दिलीत आणि बोलायला शिकवलंत. त्याच्या जोरावर आज एक गोष्ट सांगतो. आपली अट मोडतोय, क्षमा असावी. येत्या रविवारी फादरांची मूळ पद्धत करा. गार झाल्यावर कापा. थाळी नव्या मुलाबरोबर न पाठवता स्वतः वर घेऊन जा. आणि त्यांनी खाल्लं, तर सर, कृपा करून काही बोलू नका.

आपला विद्यार्थी"